मॉनिटरची तार आणि बाहेरचं ग्राफिक्स कार्ड

पडद्यावरचं ऑफिस दारापर्यंत नीट आलं आणि तिथंच झटके खायला लागलं. वंदनाताईंनी माऊस सोडला. आमच्या शेठनी माझ्याकडे पाहिलं.

"गजू, नवा लॅपटॉपच देऊन टाक न ताईला. कायला खेळ करून राह्यला?"

नवीन जालन्यातल्या या दुकानात मी पंधरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. वंदनाताई मूळच्या टेंभुर्णीच्या, आर्किटेक्ट. स्वतःचं काम नुकतंच सुरू केलेलं. एका बियाणे कंपनीचं होऊ घातलेलं ऑफिस त्यांनी थ्रीडीत उभं केलं होतं. कंपनीचे साहेब पडद्यावर त्यात फिरून बघणार होते.

"दादा, उद्या अकराला दाखवायचंय. असंच अडकलं तर काम संभाजीनगरच्या फर्मला जाईल," त्या म्हणाल्या. त्यांचं हे पहिलं मोठं काम होतं.

त्यांचा लॅपटॉप दणकट, फक्त ग्राफिक्स, म्हणजे चित्र काढणारा भाग, अशक्त. तो आतून बदलता येत नाही. म्हणून मी बाहेरचं कार्ड सुचवलं. एका डब्यात पीसीचं मोठं कार्ड बसवायचं आणि डबा एका केबलने लॅपटॉपला जोडायचा. त्यासाठी थंडरबोल्ट नावाचा वेगवान पोर्ट लागतो, तो त्यांच्याकडे होता. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, पळेल म्हणून. आता शेठ गालात हसत होते आणि मला कार्डापेक्षा त्यांचाच राग येत होता.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकला. केबल बदलली. फरक शून्य. मग कार्डावर किती भार येतोय ते पडद्यावर उघडून पाहिलं, तर ते निम्मं रिकामंच बसलेलं.

तेव्हा कुठे नजर मॉनिटरच्या तारेकडे गेली. गिऱ्हाईक यायच्या आधी सगळ्या तारा जोडून, प्लास्टिकचा टाय मारून बांधून ठेवायच्या ही आमच्या दुकानाची शिस्त. सकाळी मीच सवयीने मॉनिटरची तार लॅपटॉपमध्ये खोचली होती. त्यामुळे कार्डाने काढलेलं चित्र डब्याच्या त्याच केबलने लॅपटॉपकडे परत यायचं, तिथं गर्दीत अडकायचं आणि मग पडद्यावर जायचं. माल मोंढ्याच्या बाजारात न्यायचा आणि मोजायला पुन्हा घरी आणायचा, असला कारभार.

टाय कापला. तार थेट कार्डाला लावली.

"फिरा आता, ताई."

त्या दारातून आत गेल्या, जिना चढल्या, साहेबांच्या केबिनमध्ये गोल फिरल्या. एक झटका नाही.

"आता बराबर पळून राह्यलं," हे शेठच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मीही कंपनीत गेलो. साहेबांनी स्वतः माऊस धरला. केबिनच्या खिडकीपाशी थांबले.

"इथून गोडाऊन दिसत न्हाई. गाड्या भरताना मला दिसल्या पायजेत."

वंदनाताईंनी खिडकी तिथल्या तिथे दुसऱ्या भिंतीत नेली. साहेबांनी पुन्हा डोकावून पाहिलं.

"बिलकुल बराबर. मंग काम कधी सुरू करता?"

वंदनाताईंनी तारीख सांगितली. मला इतका आनंद झाला की जणू ऑफिस माझंच बांधायचं होतं.

बाहेरचं कार्ड घ्यावं का, असं लोक विचारतात. थंडरबोल्ट असेल, प्रोसेसर दमदार असेल आणि काम एका टेबलाशी बसून असेल, तर बेलाशक घ्या. नाहीतर शेठचं ऐका. आणि घेतलेलं कार्ड पळेना, तर आधी जोडणाऱ्यावर संशय घ्या. तो पंधरा वर्षांचा अनुभवी असेल, तर नक्कीच घ्या.