आधी हात, मग काडी

तिरळ्या डोळ्यांच्या रुखमाबाई विहारात मेणबत्ती पेटवताना आधी तिला डावा हात लावत, मगच काडी नेत. त्यांचं पाहून साऱ्या बायकांनी तीच रीत उचलली.

परवा आरमोरीच्या नेत्रशिबिरात डॉक्टरीणबाईंनी पेन उभा धरला. "टोकावर बोट ठेवा. डावा हात नको." रुखमाबाईंचं बोट दोनदा हवेतच गेलं.

"दोन्ही डोळे मिळून बघत नाहीत, म्हणून अंतर कळत नाही."

"मंग बाकीच्याइले हात न लावता कसं समजते?" बाईंना नवलच वाटलं.

पौर्णिमेला त्यांनी विहारात खरं कारण सांगून टाकलं. बायका खळखळून हसल्या. शेजारच्या रोशनीने मात्र मेणबत्तीला आधी हातच लावला.

"आता काऊन वं?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आमाले वाटे बाई, तुमी मेणबत्तीले विचारून पेटवता. मी तं विचारूनच पेटवीन."