झाकणावरची पन्नी

मूल गावच्या राइस मिलच्या आवारात माझं वर्षाचं धान उघड्यावर होतं आणि आभाळ भरून आलं होतं. धान आत नेणारा छोटा लोडर दहा मिनिटं चाले आणि बंद पडे. दोन मिस्त्र्यांनी फिल्टर बदलून हात टेकले. मग हा तिसरा मिस्त्री आला. नाव मी विचारलं नाही. आधी त्याने हात स्वच्छ पुसले. मग डिझेलच्या टाकीला कान लावून झाकण सैल केलं. सूं आवाज झाला.

"टाकीत हवाच जात नाई, तं डिझेल पुढं येईन कसं? झाकणाच्या भोकावर प्लास्टिकची पन्नी कोनं बांधली?"

"म्या. कोंडा जाते म्हून."

"बाई, तुमी तं गळाच दाबला तिचा!"

पन्नी मीच फाडली. लोडर मग थांबला नाही. पाऊस आला तेव्हा आवारात एक दाणा उरला नव्हता. भिजलो ते आम्ही दोघं.