मुरुडच्या ओल्या वाळूवर माझी सरळ रेघ

मी मुरुडला गेले ती हवा खायला नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या माळ्यावरचे नकाशे काढताना शिडीवरून पडले, मणका मोडला आणि कमरेखालचं शरीर माझं ऐकेनासं झालं. हात मात्र ऐकत होते. म्हणून मुंबईतल्या अपंगांच्या सामन्यांत चाकांच्या खुर्चीच्या शर्यतीला नाव घातलं. चाचणीच्या दिवशी अर्ध्या वाटेतच शेजारणीच्या पट्ट्यात घुसले आणि बाद झाले. सामन्यांचे चिटणीस मायेनं म्हणाले, "बाई, शर्यतीतलं तुमचं नाव राहू दे. तुम्ही नुसतं बसून हात हलवलात तरी लोकांना स्फूर्ती मिळेल."

मला स्फूर्ती वाटत फिरायचं नव्हतं, धावायचं होतं. खरी शर्यत तीन आठवड्यांवर होती.

वहिनीचं माहेर मुरुडचं. ती म्हणाली, "वन्सं, ओहोटीला आमची वाळू फरशीसारखी होते. बैलगाड्या पळतात, तुमची खुर्ची का नाही?"

जाणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच घ्या, पण भरतीची वेळ विचारून. आम्ही विचारली नाही. ओहोटीत लाँच रेवसच्या धक्क्याला लागेना, मला खुर्चीसकट दोन हमालांनी चिखलातून उचलून नेलं. पालखीतल्या देवीला काय वाटत असेल ते कळलं: भीती.

पुढे एस.टी. खुर्ची टपावर चढली. वहिनीनं कंडक्टरला माझ्यासाठी सवलत विचारली. तो म्हणाला, "आख्खी जागा घेतली ना? मंग तिकीट आख्खं." दोन वर्षांत इतकं बरोबरीनं मला कुणी वागवलं नव्हतं. रेवदंड्याची खाडी होडीनं ओलांडावी लागते. पलीकडच्या गाडीत उजवीकडे बसा, काशीदला समुद्र अगदी रस्त्याला येऊन भिडतो.

मुरुडला वहिनीच्या आईनं तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला गणूतात्या आले. शर्यतीच्या बैलांचे मालक, वहिनीच्या वडिलांचे स्नेही. मी उत्तरेकडे तोंड करून जीव खाऊन खुर्ची हाकली. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून वाळूतल्या चाकोऱ्या बघत सावकाश चालत आले.

"बाई, समुद्राला भेटायला निघालावता काय?"

चाकोऱ्या डावीकडे वळत थेट पाण्यात गेल्या होत्या.

"डावा हात कमजोर आहे. त्याला जास्त जोर लावते," मी म्हणाले.

"न्हाय. जोडीतला डावा हलका असला तर त्याला चाबकानं मारून काय व्हतंय? तो दमतो नि गाडी पुन्ना वाकडी. उजव्याला आवरायचा."

"मी बैल नाही."

"बैल ऐकतो तरी."

वहिनीनं पदरात तोंड खुपसलं. वीस वर्षं भूमिती शिकवली मी, आणि सरळ रेघ शिकत होते बैलवाल्याकडून! पण उजवा हात फळ्यावर लिहून माजलेला होता, हे खरं. तो आवरणं मला फार जड गेलं. जोर लावण्यापेक्षा हात आखडता घेणं जास्त दमवतं. रोज ओहोटीला मी चुकायची आणि तात्या वाळू वाचायचे. "इथं राग आला तुमाला," एका वळणावर बोट ठेवून ते म्हणाले. आला होता.

दहाव्या दिवशी दोन्ही चाकोऱ्या रुळांसारख्या सरळ गेल्या. तात्या त्यांच्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "हां. आता जोरात."

घरी परतले तेव्हा शेजारणींनी विचारलं, मुरुडहून काय आणलंत? मी तळहातांचे घट्टे दाखवले.

शर्यतीत आम्ही पाचजणी होतो. मी माझ्या पट्ट्यातून तसूभरही ढळले नाही आणि तिसरी आले. चिटणीस हार घेऊन धावले. "धन्य आहात बाई! केवढी जिद्द!"

"माझी वेळ किती?"

ते गोंधळले. "वेळ... बायकांसाठी घड्याळ लावलं नव्हतं. कौतुकाचा कार्यक्रम हो हा."

मी बाकी चौघींकडे पाहिलं. पाचही खुर्च्या वळल्या आणि सुरुवातीच्या चुन्याच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"लावा घड्याळ," मी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी चौथी आले. वेळ लिहिली गेली.