तिसऱ्या खेपेला

परवा पिंगळीला घरी आले, तर दारात वाळत घातलेल्या घोंगडीचा वास आला आणि मला येलदरीकडचा माळ आठवला. तिथल्या लहानशा धावपट्टीवर मी, शिकाऊ वैमानिक, पहिल्यांदा एकटीनं विमान उतरवणार होते. आडव्या वाऱ्यामुळे दोनदा मला टेकता टेकता पुन्हा वर उठावं लागलं. पण न उतरता परत जायचं नव्हतं. तिसऱ्या खेपेला चाकं टेकली.

इंजिन बंद केलं, तशी कडेला मेंढरं घेऊन उभी असलेली एक बाई खांद्यावरची घोंगडी सावरत जवळ आली. तिनं भाकरी अन् ठेचा पुढे केला.

“दोनदा आलीस अन् गेलीस. लय भ्यालीस काय?”

“भ्याले, मावशी. पण उतरायचंच होतं.”

“ते दिसलंच की. म्हनून तर मेंढरं तवापासून अडवून धरलीत. त्यांना पट्टीच्या पल्याड जायचं व्हतं.”

मी हसले आणि भाकरी खाल्ली. तशी चव पुढं कुठल्याच मोठ्या विमानतळावर मिळाली नाही. एकटीनं उतरल्याचा तेव्हा केवढा अभिमान होता मला! ती उन्हात माझ्यासाठी थांबली होती, हे कळायला मात्र कितीतरी वर्षं विमानं उडवावी लागली.