लाकडं आणायला

त्या डोंगरातल्या वस्तीत कुणी कुणाला "कुठे निघालात?" असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे: "लाकडं आणायला." विचारणारा हातातलं खुरपं पाठीमागे लपवी, सांगणारा कोटाखालची झारी सावरी, आणि दोघं दोन वाटांनी जंगलात शिरत. संध्याकाळी दोघंही रिकाम्या हातांनी परत. लाकडाची काडी नाही, पण नखांत माती! वर्षानुवर्षं सगळी वस्ती लाकडं आणत होती, आणि थंडीत शेकोटीला लाकडं विकत घेत होती.

भानगड एका कंदाची होती. लावल्यापासून सातव्या वर्षी फुलणार, आठवडाभर निळाशार राहणार, आणि मग मरणार. अंगणात तो रुजत नसे. त्याला जंगलातली दाट सावलीच लागे. म्हणून जो तो आडजागी वाफा करून बसलेला, आणि शेजारी कंद उपटून नेईल या धास्तीने ताकास तूर लागू न देणारा.

त्यांतही टपालकाका म्हणजे कहर. तीस वर्षं टपाल वाटलं, पण कुणाच्या पत्रातलं अक्षर त्यांच्या तोंडून फुटलं नाही. वाफा तर त्यांनी बायकोलाही सांगितला नव्हता. उलट वाटेवरच्या झाडांवर चुन्याने बाण काढून ठेवले होते, सगळे खोटे. एखादा फारच शहाणा बाणांच्या उलट जाईल म्हणून मधले दोन-चार खरे. शेजारचा शिंपी एकदा त्या बाणांमागे दिवसभर वणवण फिरून कोरड्या ओढ्यात उतरला होता. काकांना पुढे आठवडाभर जेवण गोड लागलं.

यंदा सातवं वर्ष होतं. आणि यंदाच काकांच्या डोक्यातून गोष्टी गळू लागल्या होत्या. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग माणसांची नावं, मग एकदा स्वतःच्या घराची गल्ली. झाकली मूठ ठेवून ते वावरत होते, पण आतून पार घाबरले होते. वाफा आठवला नाही, तर सात वर्षं मातीत जाणार होती.

त्या सकाळी टोपीच सापडेना.

"अगं, माझी टोपी कुठे ठेवलीस?"

"मी नाही ठेवली."

"मग काय तिला पाय फुटले?"

एरवी एका शब्दाला चार ऐकवणारी बायको गप्प राहिली. काकांनी झारी कोटाखाली घातली.

"कुठे निघालात?"

"लाकडं आणायला."

"बरं," म्हणून तिने दार उघडून दिलं.

जंगलात पहिला बाण दिसला आणि काका थबकले. हा खोटा होता की खरा? उलट जायचं की सुलट? तासाभराने ते कोरड्या ओढ्यात उतरले. पुन्हा वर चढले, पुन्हा बाण बघत निघाले, पुन्हा ओढ्यातच. तिसऱ्या वेळी ते दगडावर बसले आणि त्यांना रडू आलं. शिंप्यासाठी केलेली सगळी हुशारी त्यांच्याच गळ्यात पडली होती.

"चला," मागून आवाज आला. बायको होती. तिने त्यांचा हात धरला आणि एकाही बाणाकडे न बघता चालू लागली.

काकांचा पारा चढला. "तुला जागा कुणी सांगितली? शिंप्याने? माझ्या मागे मागे येत होता काय तो मेला?"

"आधी चला. मग भांडा."

उन्मळून पडलेल्या एका झाडाआड वाफा होता. सगळा निळा झालेला. काका राग विसरून गुडघ्यांवर बसले. "फुललं गं! आजच फुललं बघ!"

काकांनी एक फूल बोटाने उचललं. पाकळीची कड सुकलेली होती. माती ओली होती, तण काढलेलं होतं, आणि वरच्या फांदीला त्यांची टोपी लटकत होती.

"ही इथे कशी?"

"तुम्हीच अडकवलीत, काल. म्हणालात, उद्या माझा विश्वास बसला नाही तर ही दाखव." ती त्यांच्याशेजारी मातीत बसली. "आज पाचवा दिवस. सोमवारी तुम्ही मला हाताला धरून इथे आणलंत. म्हणालात, माझ्या लक्षात राहायचं नाही, तू ठेव."

काकांना फार भीती वाटली.

"शिंप्याला कळलंय?"

"नाही."

"सांगू नकोस हं."

"नाही सांगत."

"फुलं अजून किती दिवस?"

"दोन."

त्यांनी झारीतलं पाणी घातलं. टोपी काढून झटकली, डोक्यावर घातली. निघताना मात्र ती पुन्हा त्याच फांदीला अडकवली.

"उद्याही मी तुझ्याशी भांडेन," ते म्हणाले.

"भांडा," ती म्हणाली.