खाज्यातला गूळ

सर्वणच्या जत्रेत ती दरवर्षी खाजं, म्हणजे आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, विकायला बसते. साठीची, अंगानं बारीक, बोटांवर गुळाचा पाक सुकलेला. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी एक तुकडा त्याच्या हातावर ठेवते आणि तो चावून होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

यंदा मीही तुकडा तोंडात टाकला. त्यातलं आलं जिभेला झोंबलं, पण गूळ काही लागेना.

"गोड आसा न्हय?" तिनं विचारलं.

मी गोंधळलो. डॉक्टरांनी मला नुकतीच शुगर सांगितली होती, आणि हल्ली सगळंच फिकं लागत होतं. गूळ कमी पडलाय की माझी जीभच बिघडलीय, कळेना. मी तिला तसं सांगून टाकलं.

ती हसली. "माकाय शुगर आसा. माका कायच कळना. लोक गोड म्हणतत, म्हणान मी गोड म्हणतंय."

पुडा घेऊन घरी आलो. बायकोनं एक खाजं खाल्लं आणि ती लगेच पाणी प्यायली. "एवढं गोड कोण करतं?"

दुसऱ्या दिवशी गूळ जास्त झालाय हे सांगायला मुद्दाम जत्रेत गेलो. तिच्यापुढे उभं राहायला जागा नव्हती. जो तो आणखी मागत होता. मला बघून तिनं हात थांबवला.

"घरच्यांक गोड लागलां?"

"लागलां," मी म्हणालो; जरा जास्तच, हे मात्र सांगितलं नाही. तिचा चेहरा उजळला. मी खरं बोललो की खोटं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.