फ्रिजवरचा तक्ता

चकली तळल्याचा वास आला की मला अजून राग येतो. लालबागला चाळीत असताना मी कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या परीक्षेच्या अभ्यासाचा बारा आठवड्यांचा तक्ता फ्रिजवर लावला होता. पास झाले तर ऑफिसात तांत्रिक विभागात बदली मिळणार होती. दिवाळीआधीच्या सहा दिवसांच्या चौकोनांत उजळणीसाठी ‘रजा’ लिहिली होती. चकल्या तळता तळता मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “बरं झालं गो रजा टाकलीस, उरलेला फराळ तुझ्याकडे.” तक्त्यात ‘आयपी ॲड्रेस’ ह्या धड्याखाली त्यांनी चक्क ‘करंज्या’ लिहिलं होतं. “वहिनी, परीक्षा आहे माझी!” “ह्या वयात? कोण विचारतंय तुला?” नवरा चकली खात हसला. ते सहाही दिवस मी डबा घेऊन परळच्या अभ्यासिकेत बसले. फराळ विकतचा आला, मी पास झाले. आता रजा घेते, पण घरातल्या कुठल्याही कागदावर लिहीत नाही.